कॉलेजचा मेल, वसतिगृहाचं वायफाय, झेरॉक्सचं दुकान: विद्यार्थ्यांची खाती नेमकी कुठे गळतात?

मुळाकाठचा

प्रवेशांचा हंगाम सुरू आहे. पुण्यात नव्याने आलेला विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच आधारची प्रत, फोटो, सही, मोबाइल नंबर आणि पासबुकाचं पहिलं पान कॉलेजला, वसतिगृहाला, मेसवाल्याला, अभ्यासिकेला, खोलीच्या मालकाला आणि भाडेकराराच्या एजंटला देऊन मोकळा होतो. त्याला ‘सावध राहा’ एवढंच सांगून भागत नाही. कुठलं सेटिंग, कोणत्या क्रमाने, आणि चुकलं तर काय बिघडतं, हे कळायला हवं. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

कॉलेजच्या मेलपासून सुरुवात करतो.

पहिला पासवर्ड बहुतेक ठिकाणी पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), जन्मतारीख किंवा आडनाव यांच्या ठरावीक साच्यातून बनतो. साचा एकाला कळला की वर्गाला कळला, आणि जन्मतारखांसकट याद्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतात. त्यामुळे आयडी हाती पडेल त्याच दिवशी पासवर्ड बदला, तोही लॅबच्या संगणकावरून नको, स्वतःच्या फोनवरून. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहा, मध्ये एखादा आकडा टाका. लांबी सहज १६ अक्षरांच्या वर जाते आणि लक्षातही राहतो.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डानंतरची दुसरी खातरजमा. आधी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं) किंवा पासकी (फोनच्या लॉकने उघडणारी डिजिटल चावी), मग बॅकअप कोड, एसएमएस सगळ्यात शेवटी. मेल गूगलचा असेल तर गूगल १० बॅकअप कोड देतं. प्रत्येक ८ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण फोन हरवल्यावरच ते लागतात. कागदावर उतरवून गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवा.

एसएमएस शेवटी का, तर सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. बाहेरगावहून आलेल्या मुलामुलींचं सिम सर्रास वडिलांच्या किंवा मामाच्या नावावर असतं. ते इथे हरवलं तर बदली सिमसाठी ज्याच्या नावावर आहे तोच माणूस ओळखपत्र घेऊन उभा राहावा लागतो. मामा लातूरला, परीक्षेचा अर्ज उद्या बंद, आणि ओटीपी त्या हरवलेल्या नंबरवर. १८ पूर्ण झाली असतील तर आधी सिम स्वतःच्या नावावर करून घ्या.

माझ्या मते पासवर्ड ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. खातं परत मिळवायचा रस्ता, म्हणजे रिकव्हरीचा नंबर आणि रिकव्हरीचा मेल, ज्याच्या हातात त्याच्या हातात खातं. हा रस्ता एकाच दिशेने जायला हवा: कॉलेजच्या मेलचा रिकव्हरी मेल खासगी असावा, पण खासगी मेल, बँक, डिजिलॉकर किंवा गिटहब यांचा रिकव्हरी मेल कॉलेजचा कधीही नसावा. कॉलेजचा मेल एक दिवस बंद होणार आहे.

खोली_क्र_१४

सर, दोन प्रश्न. वसतिगृहाच्या वायफायला जोडताना फोन ‘सीए सर्टिफिकेट’ आणि ‘डोमेन’ विचारतो. मुलं म्हणतात ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवड. माझ्या फोनमध्ये तो पर्यायच नाही. आणि पासवर्ड बदलल्यापासून माझं खातं दर तासाला लॉक होतंय, असं का?

मुळाकाठचा

@खोली_क्र_१४, पर्याय नाही हे चांगलंच आहे. अँड्रॉइड ११ नंतरच्या बऱ्याच फोनमधून तो काढून टाकला आहे.

ज्या वायफायला प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड लागतो ते ८०२.१एक्स पद्धतीचं असतं. एड्युरोम, म्हणजे एकाच आयडीने अनेक शिक्षणसंस्थांत चालणारं वायफाय, तेही याच जातीचं; भारतात त्याचं काम अर्नेट (शिक्षणसंस्थांचं सरकारी नेटवर्क) बघतं. अशा ठिकाणी भरायचं ते असं: ईएपी पद्धत पीईएपी, फेज २ मध्ये एमएसचॅप व्ही२, सीए सर्टिफिकेटमध्ये ‘यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स’ किंवा कॉलेजने दिलेली फाइल, डोमेनमध्ये कॉलेजच्या सर्व्हरचं नाव. हे नाव संगणक विभागातूनच घ्या, अंदाजाने टाकू नका. आयडेंटिटीत पूर्ण मेल पत्ता. ॲनॉनिमस आयडेंटिटीत ‘ॲनॉनिमस’ आणि पुढे कॉलेजचं डोमेन, म्हणजे दुसऱ्या संस्थेत एड्युरोम वापरताना तिथल्या नोंदीत तुमचं नाव दिसत नाही.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. ते तपासलं नाही तर कँटीनमध्ये बसलेला कुणीही त्याच नावाचं खोटं वायफाय उघडू शकतो. तुमचा फोन आपणहून त्याला जोडून घ्यायला जातो आणि पासवर्डाचं कोडं त्याच्या हवाली करतो. एमएसचॅप व्ही२ जुनी पद्धत आहे, ते कोडं निवांत बसून फोडता येतं. फुटला की तोच पासवर्ड मेलचा, तोच ईआरपीचा, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थी पोर्टलचा. आयफोनमध्ये पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेट समोर येतं. ‘ट्रस्ट’ दाबण्याआधी त्यावरचं नाव वाचा.

खातं लॉक होण्याचं कारण: तुमचा लॅपटॉप, टॅब किंवा कपाटातला जुना फोन अजून जुना पासवर्ड पाठवत बसला आहे. ठरावीक चुका झाल्या की सर्व्हर खातं लॉक करतो. सगळ्या उपकरणांवर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा, मग एकेकावर नव्याने जोडा. पुढच्या वेळी पासवर्ड बदलण्याआधीच फर्गेट करा.

नारायणपेठी

वसतिगृहांच्या बाबतीत आणखी एक. दोन किंवा तीनच उपकरणांना परवानगी असते आणि मोजणी मॅक पत्त्यावर, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्कवरच्या ओळखक्रमांकावर होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता देतो. नेटवर्क फर्गेट केलं किंवा फोन रिसेट केला की काही वेळा हा पत्ता बदलतो आणि सर्व्हरला तुमचा एकच फोन दोन फोन वाटतो. कोटा भरला अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे फार आढळतं. त्या एका नेटवर्कपुरतं ‘यूज डिव्हाइस मॅक’ करा, बाकी सगळीकडे रँडमच राहू द्या.

आता सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांविषयी. तिथे एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो आणि वर्षानुवर्षं बदलत नाही. मजकूर एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक करणारी पद्धत) झाकलेला असतो, त्यामुळे शेजारी बसलेला तुमचे मेसेज वाचतोय ही भीती आता बरीचशी फोल आहे. खरा धोका राउटरमध्ये आहे. त्याचा ॲडमिन पासवर्ड कंपनीतून आला तसाच असतो. ज्याला तो उघडता येतो तो डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून तुम्हाला खोट्या पानावर नेऊ शकतो. तुमच्या हातात असलेला उपाय म्हणजे अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’. त्यात विश्वासाच्या सेवेचं नाव भरून ठेवलं की राउटरमधला डीएनएस बदलला तरी फोन त्याचं ऐकत नाही. आणि सर्टिफिकेटची लाल सूचना आली की ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही, टॅब बंद करायचा.

सोल्डरगन

@मुळाकाठचा, ऑथेंटिकेटरबद्दल एक भर हवी. फोन पाण्यात पडला, मदरबोर्ड गेला, की त्यातले कोड गेले. गूगल ऑथेंटिकेटर २०२३ पासून कोड गूगल खात्यात साठवू शकतं, पण मग गोल फिरायची पाळी येते: ज्या खात्यात शिरायला कोड हवा, कोड त्याच खात्याच्या आत. त्यामुळे निदान मुख्य मेलचा कोड दुसऱ्या एखाद्या उपकरणावरही हवा. ॲपमध्ये ‘ट्रान्सफर अकाउंट्स’ मधून क्यूआर काढून घरच्या जुन्या फोनवर घेता येतो. नवा फोन घेतला की जुना एक्स्चेंजला देण्याआधी हे करायचं. लोक नेमका उलटा क्रम धरतात.

दुरुस्तीला फोन देताना लॉकचा पिन सांगायची गरज नसते. स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला पिन लागत नाही. चाचणीसाठी टच आणि कॅमेरा तुमच्यासमोर बघता येतो. काही सॅमसंग फोनमध्ये खासगी माहिती झाकणारा ‘मेंटेनन्स मोड’ आहे, तो चालू करून द्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.

मुळाकाठचा

@सोल्डरगन, बरोबर. बॅकअप कोड कागदावर हवेत म्हणतो ते त्यासाठीच. ते असतील तर गोल फिरावं लागत नाही.

प्राध्यापिका_कर्वेनगर

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मांडते. निकालानंतर कॉलेजचा मेल बंद होतो आणि प्रकल्प, शिफारसपत्रं, सगळं त्यात अडकतं. पूर्वी शिक्षणसंस्थांना गूगलची जागा अमर्याद होती. २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी आहे, त्यामुळे जुनी खाती ठेवणं कॉलेजांना परवडत नाही.

गूगलच्या टेकआऊटमध्ये (खात्यातला मजकूर बाहेर काढायची सोय) ‘ट्रान्सफर युवर कंटेंट’ असं एक वेगळं पान शिक्षणसंस्थांच्या खात्यांना मिळतं. कॉलेजने ते सुरू ठेवलं असेल तर खासगी पत्ता द्यायचा, त्यावर आलेला कोड भरायचा, आणि मेल व ड्राइव्हची नक्कल तिकडे जाते. काही तासांत होतं, कधी आठवडाही लागतो. शेवटच्या दिवशी सुरू केलं तर खातं बंद होईपर्यंत अर्धंच जातं. खासगी खात्यात फुकटची जागा १५ जीबी, त्यामुळे आधी मोठे व्हिडिओ काढून टाका. फोटो या मार्गाने जात नाहीत, ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात.

याहून मोठा घोळ मंडळांचा होतो. गणेशोत्सव, फिरोदिया करंडक, टेक फेस्ट, एनएसएस यांचे नोंदणीचे फॉर्म आणि हिशेबाच्या शीट गेल्या वर्षीच्या सचिवाच्या खात्यावर असतात. त्याचं खातं बंद झालं की फॉर्म बंद, शीट गायब. मंडळासाठी शेअर्ड ड्राइव्ह मागून घ्या. त्यातल्या फाइलची मालकी संस्थेकडे राहते, माणूस बदलला तरी फाइल राहते.

आणि त्या फॉर्ममध्ये आधार क्रमांक मागू नका. मागितलेली माहिती सांभाळावी लागते. प्रतिसादांची शीट ‘लिंक असलेला कुणीही बघू शकेल’ अशी ठेवलेली फार ठिकाणी दिसते, म्हणजे दोनशे मुलींचे फोन नंबर एका लिंकवर. स्पर्धेला नाव, वर्ग, मेल पुरतं.

खोली_क्र_१४

एका सीनियरच्या कॉलेज मेलवरून सगळ्यांना मेल आलाय, ‘स्टोरेज भरलं, या फॉर्मवर पासवर्ड टाका’. पत्ता तर आपल्याच डोमेनचा आहे.

मुळाकाठचा

त्या सीनियरचं खातं गेलंय. बाहेरून आलेल्या मेलवर ‘एक्स्टर्नल’ची पट्टी दिसते, आतल्या मेलवर नाही, म्हणून ही मंडळी आधी एक आतलं खातं मिळवतात. गूगल फॉर्मच्या तळाशी गूगल स्वतः लिहितं की यात पासवर्ड देऊ नका. पासवर्ड मागणारा फॉर्म खोटाच, कुणाच्याही पत्त्यावरून येवो.

त्या सीनियरपर्यंत फोनवरून पोचा, मेलवर उत्तर देऊ नका. मेलमध्ये चोराने बहुधा फिल्टर लावून ठेवलेला असतो: ‘हॅक’, ‘पासवर्ड’, ‘तू पाठवलंस का’ असे शब्द असलेली उत्तरं थेट कचऱ्यात. म्हणून मालकाला काही कळतच नाही. नुसता पासवर्ड बदलून हे जात नाही. संगणकावर जीमेल उघडा, कारण फोनच्या ॲपमध्ये हे दिसत नाही. सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ बघा, मग ‘फॉरवर्डिंग’ मध्ये अनोळखी पत्ता आहे का बघा. मग गूगल खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन बाकीची उपकरणं साइन आउट करा, जोडलेली अनोळखी ॲप काढा, ॲप पासवर्ड असतील तर पुसा, रिकव्हरीचा नंबर आपलाच आहे का बघा. पासवर्ड तर बदलायचाच, पण एवढं केल्याशिवाय थांबू नका.

सोल्डरगन

व्हॉट्सॲपचंही तेच. हल्ली ६ अंकी ओटीपी मागत नाहीत. ‘यात तुझा फोटो आहे बघ’ अशी लिंक, ती तुमचा नंबर विचारते आणि ८ अक्षरी कोड दाखवते, ‘हा व्हॉट्सॲपमध्ये टाका’. टाकला की चोराचा संगणक तुमचं ‘लिंक्ड डिव्हाइस’ होतो. तुमचं खातं चालूच राहतं, त्यामुळे शंका येत नाही. लिंक्ड डिव्हाइसेस उघडून यादी बघा. चारपर्यंत उपकरणं जोडता येतात, अनोळखी असेल ते लॉग आउट करा.

खातं पूर्णच गेलं असेल तर लगेच स्वतःच्या फोनवर पुन्हा नोंदणी करा. एसएमएसचा कोड टाकताक्षणी चोर बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं, पण त्या दिवसांत तोही आत नसतो. हे टाळायला टू-स्टेपचा ६ अंकी पिन आजच लावा आणि सोबत मेल पत्ता द्या. कॉल फॉरवर्डिंग लागलंय का ते *#२१# डायल करून दिसतं, ##००२# ने सगळं काढता येतं.

एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून बसवायचं अँड्रॉइड ॲप, त्याबद्दल जरा सविस्तर. लग्नपत्रिका, आरटीओ चलन, बँकेचं केवायसी, परीक्षेचा निकाल, अशा नावांनी येते. ती एसएमएस वाचायची परवानगी घेते आणि ओटीपी पुढे पाठवते. चुकून बसवली तर:

आधी एअरप्लेन मोड, आणि वायफाय वेगळं बंद केलंय का ते बघा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी त्या ॲपला मिळणार नाहीत. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, नेटबँकिंगचा आणि मेलचा पासवर्ड बदला. मग मूळ फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून बसवलेली ॲप बंद ठेवून) सुरू करा. ॲप काढायला गेलात की ‘अनइन्स्टॉल’ करडं दिसेल, कारण त्याने डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार घेतलेला असतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून तिथली खूण काढा, ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ मधूनही काढा, मग अनइन्स्टॉल. काही ॲप आपलं चिन्हच लपवतात; यादीत बिननावाचं किंवा कोऱ्या चिन्हाचं ॲप दिसलं तर तेच. फोटो उतरवून घेऊन शेवटी फॅक्टरी रिसेट. फॅक्टरी रिसेट टाळून भागवायचा सल्ला मी देणार नाही.

नारायणपेठी

अप्पा बळवंत चौकापासून कर्वे रस्त्यापर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत जे चालतं त्यावर लिहायलाच हवं. ‘काका, व्हॉट्सॲप करतो’ म्हणून आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला दुकानाच्या नंबरवर पाठवला जातो. दुकानदार सज्जन असला तरी ती फाइल त्याच्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये महिनोन्‌महिने पडून राहते आणि त्या संगणकावर दिवसभर शंभर जण बसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष; म्हणजे शेजारी पडलेल्या गुणपत्रिकेवरून तो काढता येतो.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार उतरवा, त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात. पूर्ण क्रमांक सक्तीचा नसेल तिथे हेच द्या. छापील प्रतीवर ‘अमुक वसतिगृह प्रवेशासाठी’ आणि तारीख आडवी लिहा, मजकुरावरूनच, कोपऱ्यात नको. दुकानात स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर उठण्याआधी फोनवरून लॉग आउट. पेनड्राइव्ह वापरत असाल तर त्यात फक्त छापायचीच फाइल ठेवा. घरी आल्यावर फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर डबल क्लिक करू नका, तो व्हायरस आहे. मूळ फाइल बहुतेक वेळा लपवलेल्या असतात, ‘हिडन आयटम्स’ दाखवा म्हणजे सापडतात.

भाडेकरार ऑनलाइन करायला एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. आधारचं बायोमेट्रिक एरवी लॉक ठेवा. एजंट आला की एमआधार ॲपमधून तात्पुरतं उघडा, १० मिनिटांत ते आपोआप पुन्हा लॉक होतं. आधारवरून पैसे काढायच्या सेवेला ओटीपी लागत नाही, अंगठा पुरतो. म्हणून हे महत्त्वाचं.

लेखाजोखा

बँकेच्या बाजूने लिहितो. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भाड्याने दिलेल्या खात्यांची. यात फसवलेला आणि फसवणारा यांच्यामध्ये विद्यार्थी उभा असतो आणि पोलीस आधी त्याच्यापर्यंत पोचतात.

मागणी अशी येते: टेलिग्रामवर ‘पार्ट टाइम’, ‘गेमिंगचं पेमेंट’, ‘कंपनीच्या जीएसटीसाठी खातं हवंय’. लाखामागे दोन-तीन टक्के. कधी खातं उघडायला सोबत माणूस येतो, आणि मग पासबुक, एटीएम कार्ड, त्या खात्याला जोडलेलं सिम, असा पूर्ण संच घेऊन जातो. त्या खात्यात कुणाच्या तरी आजोबांची पेन्शन येते आणि काही मिनिटांत पुढच्या खात्यांत वाटली जाते. आजोबांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला की साखळीतल्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. पहिलं खातं तुमचं.

त्यानंतर काय होतं, ते मुलांना कुणी सांगत नाही. खातं गोठवलं जातं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. ते हेच खातं असेल तर ती रक्कमही अडकते. ज्या राज्यात तक्रार झाली तिथल्या पोलिसांची नोटीस येते. ‘मी फक्त खातं दिलं’ याने सुटका होत नाही.

काही न करताही खातं गोठवलं जाऊ शकतं; मेसचे पैसे वाटून घेताना मित्राने पाठवलेली रक्कम मूळ फसवणुकीची असू शकते. तेव्हा शाखेत जाऊन तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं आणि किती रक्कम, एवढं लेखी मागा. व्यवहार कशाचा होता याचा पुरावा जोडून त्या ठाण्याला मेल करा आणि बँकेलाही प्रत द्या. पूर्ण खातं गोठवण्याऐवजी वादातली रक्कमच अडवून ठेवावी, अशी स्पष्ट विनंती अर्जात लिहा.

अनोळखी रक्कम खात्यात आली आणि ‘चुकून आले, या नंबरवर परत कर’ असा फोन आला तर पाठवू नका. बँकेला लिहून द्या, बँक आलेल्या वाटेनेच परत करेल. तुम्ही तिसऱ्याच नंबरवर पाठवलेत की साखळीतली पुढची कडी तुम्ही जोडली.

यूपीआयचं एकच वाक्य: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोथरूड, विमाननगर भागात खोली बघताना ‘डिपॉझिट परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा पैसे काढून घेतोय. व्यक्तींमधल्या पैसे मागणाऱ्या ‘कलेक्ट’ विनंत्या ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केल्या आहेत, त्यामुळे आता क्यूआरवर जोर आहे.

खोली_क्र_१४

पैसे गेलेच तर पहिल्यांदा काय करायचं? बँकेत जायचं की पोलिसांत?

लेखाजोखा

दोन्हीच्या आधी १९३०. हाताशी ठेवा: बँक आणि खाते क्रमांक, यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं. व्यवहार अनेक असतील तर प्रत्येकाचा क्रमांक वेगळा द्या. एक राहिला तर तेवढे पैसे शोधात येत नाहीत. एसएमएसने पोचक्रमांक येतो. २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर जाऊन तक्रार पूर्ण करा. लाइन लागत नसेल तर वाट बघू नका, थेट संकेतस्थळावर भरा. चोराला पैसे पुढे सरकवायला मिनिटं पुरतात, म्हणून मित्राला विचारू, घरी सांगू, यात वेळ घालवू नका.

बँकेलाही लगेच लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने चौकट घालून दिली: चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, आणि ३ कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक स्वतःची असली तरी लवकर कळवण्याला पैशातली किंमत आहे.

कलमदान

कायद्याचं थोडक्यात. खातं भाड्याने देणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागू शकतं, कमाल शिक्षा ७ वर्षं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, तोतयेगिरी, ३ वर्षांपर्यंत. नोकरीच्या पोलीस पडताळणीत गुन्हा दिसतो, हे वेगळं.

हद्दीचा गोंधळ पुण्यात नेहमी होतो. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड (२०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय) आणि पुणे ग्रामीण अशी तीन पोलीस घटकं आहेत. वसतिगृह हिंजवडीत आणि कॉलेज शिवाजीनगरला असं असलं तरी कुठल्याही ठाण्याने ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट आहे. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर ३ दिवसांत सही करावी लागते. संकेतस्थळावरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा आणि एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते.

फोटो-व्हिडिओ पसरवण्याच्या धमक्यांबद्दल. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट पुसू नका आणि समोरच्याला ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या: प्रोफाइलचा पूर्ण वेब पत्ता (दिसणारं नाव तो कधीही बदलतो), पूर्ण स्क्रीनशॉट, कापलेला नको, वेळ आणि तारखेसकट. फोन बदलू नका. डिजिटल पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं तेव्हा मूळ उपकरण असलेलं बरं.

१८ वर्षांवरच्यांसाठी स्टॉप एनसीआयआय आणि लहानांसाठी टेक इट डाउन या सेवा आहेत. फोटो त्यांच्याकडे जात नाही. तुमच्याच फोनवर त्याचा ठसा म्हणून आकड्यांची एक ओळ तयार होते, तीच जाते, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाचा फोटो आपल्याकडे शोधून अडवतात. अकरावी-बारावीतली बहुतेक मुलं १८ खालची आहेत, त्यांना पॉक्सोचं (बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) संरक्षण आहे. सायबरक्राइमच्या त्याच राष्ट्रीय संकेतस्थळावर महिला आणि बालकांसंबंधी तक्रार नाव न देता करता येते, मात्र तिचा पुढे पाठपुरावा करता येत नाही. पाठपुरावा हवा असेल तर ‘रिपोर्ट अँड ट्रॅक’ निवडा.

त्रास देणारा त्याच कॉलेजातला असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार. ऑनलाइन घडलं म्हणून समिती हात झटकू शकत नाही. वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप गटावर सीनियर छळत असतील तर रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

प्राध्यापिका_कर्वेनगर

@कलमदान, ‘डेटा एंट्री’च्या नोटिशींबद्दलही लिहा ना. मुलं त्याने फार खचतात.

कलमदान

हो, राहिलंच. घरबसल्या फॉर्म भरायचं काम, ‘करार’ ऑनलाइन सही करून घेतात, आठवड्यात इतके फॉर्म, अचूकता ९० टक्क्यांच्या वर. मग ‘अचूकता कमी आली’ म्हणून दंड, आणि ‘वकिला’ची नोटीस व्हॉट्सॲपवर, कोर्टाच्या शिक्क्यासह. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. कोर्टाचं समन्स त्यावरच्या प्रकरण क्रमांकावरून ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधता येतं. तिथे नसेल तर ते समन्स नाही. पैसे भरू नका, करार आणि नोटीस जपून ठेवा, १९३० ला कळवा. सही करताना आधार दिलं असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर नवं सिम निघालंय का ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ नोंदवता येतं.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची अटक, असा प्रकार कुठल्याही भारतीय कायद्यात नाही. कॉल तोडा.

खोली_क्र_१४

फिल्टर सापडला. सीनियरच्या मेलमध्ये खरंच होता, फॉरवर्डिंगमध्येही एक अनोळखी पत्ता होता. दोन्ही काढले, बाकीची उपकरणं साइन आउट केली. त्याने फॉर्मवर पासवर्ड टाकला होता तोच ईआरपीलाही आहे.

मुळाकाठचा

मग ईआरपीचा आत्ताच बदलायला सांग. संगणक विभागाला त्या फॉर्मची लिंक आणि मूळ मेल कळव. ‘शो ओरिजिनल’ मधून उतरवून फाइल म्हणून जोड, नुसता फॉरवर्ड केलास तर हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, जातात. प्रशासकाला तो मेल सगळ्यांच्या इनबॉक्समधून एकदम काढता येतो, आणि कुणी-कुणी उघडला याची यादी बहुतेक वेळा मिळते. त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करायला हवा, मेल नको.